लाल, निळे आणि राखीव

'राखीव' हा शब्द आपल्या घरांत काही नवा नाही. शाळेत, कचेरीत, कधी लोकलच्या डब्यातसुद्धा कोणीतरी आपल्याकडे पाहून तो मुद्दाम जरा मोठ्याने उच्चारतो, आणि कसा उच्चारला यावरून बोलणाऱ्याचे मन आपल्याला कळते. आज मात्र या शब्दाची एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. ती इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या बंदराच्या शहरातली आहे, फुटबॉलची आहे, आणि तिथल्या दोन क्लबांचे पाठीराखे सव्वाशे वर्षांहून अधिक काळ एकमेकांची जी थट्टा करीत आले आहेत तिची आहे.

हल्ली शनिवार-रविवारी आपली तरुण मुले रात्री उशिरापर्यंत टीव्हीपुढे बसून हे सामने पाहतात. अंगात लाल जर्सी, तोंडात परदेशी खेळाडूंची नावे. आईवडिलांना त्यातले काही कळत नाही. 'कोण कुठला क्लब, आणि तू इथे कशाला गळा काढतोस?' असे आपण म्हणतो. म्हणून म्हटले, एकदा त्या लालवाल्यांची आणि त्यांच्या शेजाऱ्यांची हकीकत मोठ्यांनाही सांगावी.

लिव्हरपूल शहरात दोन मोठे क्लब. लाल रंगाचा लिव्हरपूल आणि निळ्या रंगाचा एव्हर्टन. (निळा रंग म्हटला की आपला कल आपोआप तिकडे झुकतो, पण थांबा, गोष्ट तेवढी सोपी नाही.) दोघांची जुनी मैदाने एका बागेच्या दोन बाजूंना, एक मैलही अंतर नाही. बागेचे नाव स्टॅन्ली पार्क. एव्हर्टन थोरला, १८७८ सालचा. आज जे अ‍ॅनफिल्ड मैदान लिव्हरपूलचे म्हणून जगाला माहीत आहे, तिथे १८८४ ते १८९२ एव्हर्टनच खेळत असे. १८९१ साली एव्हर्टनने पहिले विजेतेपद मिळवले तेही अ‍ॅनफिल्डवरच. पुढे क्लबचे अध्यक्ष जॉन हौल्डिंग आणि बाकीचे सभासद यांच्यात वाजले. हौल्डिंग हे बिअरचे कारखानदार. मैदानाचे भाडे आणि मैदानावर कोणाची बिअर विकायची हा वादाचा मुद्दा. एव्हर्टनची मंडळी रागाने बाग ओलांडून पलीकडे गेली आणि त्यांनी गुडिसन पार्क हे नवे मैदान बांधले. हौल्डिंगांच्या हातात मैदान राहिले, पण खेळायला संघ नाही. मग त्यांनी १८९२ मध्ये नवा संघ उभा केला, तोच लिव्हरपूल. भाऊबंदकीत घर एकाकडे गेले आणि कुळाचे जुने नाव दुसऱ्याकडे, असा हा प्रकार. निळे तेव्हापासून लालांना ऐकवतात, 'अरे, तुम्ही आमच्या सोडलेल्या घरात राहता!'

आता थट्टेचा मुख्य नमुना. बिल शँक्ली हे लिव्हरपूलचे नामांकित व्यवस्थापक. स्कॉटलंडच्या खाणकामगारांच्या गावात १९१३ मध्ये जन्मलेले आणि पोरवयात स्वतःही खाणीत राबलेले. ते म्हणत असत की या शहरात दोनच थोर संघ आहेत, एक लिव्हरपूल आणि दुसरा लिव्हरपूलचा राखीव संघ! म्हणजे एव्हर्टनचा नंबर त्यानंतर. हा टोमणा लिव्हरपूलच्या गल्लीबोळात आजही कुठल्याही पोराच्या तोंडी सापडेल. शँक्लींच्या नावावर अशा गोष्टींचा साठाच आहे. एव्हर्टनवाले माझ्या परसात खेळायला आले तर मी खिडकीचे पडदे ओढून घेईन, असेही ते म्हणाल्याचे सांगतात. यातली खरी गंमत अशी की त्यांचे घर एव्हर्टनच्या सरावाच्या मैदानाला लागूनच होते. १९७४ साली निवृत्त झाल्यावर करमेना, तेव्हा याच एव्हर्टनवाल्यांनी त्यांना प्रेमाने मैदानात बोलावले. स्वतःच्या जुन्या क्लबपेक्षा एव्हर्टनमध्ये आपले अधिक आपुलकीने स्वागत होते, असे त्यांनीच पुढे खंत करून सांगितले आहे. ज्याची उभी हयात थट्टा केली, त्याच्याच अंगणात म्हातारपणी जाऊन बसावे, हे मला त्यांच्या सगळ्या विनोदांपेक्षा मोठे वाटते.

पण शँक्लींच्या टोमण्याला एक जुनी जखमही होती. १९५४ साली असे घडले की एकाच मोसमात लिव्हरपूल पहिल्या डिव्हिजनमधून खाली घसरला आणि एव्हर्टन खालून वर चढला. आठ वर्षे लालांनी दुसऱ्या डिव्हिजनमध्ये काढली. शँक्ली १९५९ च्या डिसेंबरात आले ते अशा पडलेल्या संघाकडे. १९६२ मध्ये त्यांनी तो वर आणला. १९६३ ला एव्हर्टन विजेता, १९६४ ला लिव्हरपूल. आणि एव्हर्टन मात्र १९५४ पासून आजतागायत वरच्या श्रेणीतून कधीही खाली गेलेला नाही. लाल लोक विजेतेपदे मोजून दाखवू लागले की (त्यांची २० आणि निळ्यांची ९, त्यातले शेवटचे १९८७ चे), निळे शांतपणे विचारतात, 'आणि दुसऱ्या डिव्हिजनमधली आठ वर्षे कुठे मोजलीत?'

दैवाचे फेरे या शहरात असेच फिरत असतात. २००५ साली एव्हर्टन गुणतक्त्यात चौथा आला, लिव्हरपूल पाचवा. निळ्यांना आकाश ठेंगणे झाले. त्यांचा आनंद महिनाभरही टिकला नाही, कारण त्याच मे महिन्यात पाचव्या क्रमांकाच्या लिव्हरपूलने इस्तंबूलला मिलानविरुद्ध तीन गोलांनी मागे असताना बरोबरी साधून पेनल्टीवर युरोपचा चषक पटकावला. पुढे एव्हर्टनचे दिवस फिरले. २०२२ च्या मे महिन्यात क्रिस्टल पॅलेसविरुद्ध दोन गोलांची पिछाडी भरून काढून ३-२ ने जिंकले तेव्हा कुठे ते खाली जाता जाता वाचले. २०२३ मध्ये शेवटच्या दिवशी बोर्नमथला एका गोलाने हरवून वाचले. लोक कुंपण ओलांडून मैदानात धावले, आणि पलीकडचे लाल म्हणाले, 'पाहा, सतरावा नंबर आल्याचा केवढा हा उत्सव!' निळ्यांनी त्याची परतफेड २४ एप्रिल २०२४ ला केली. लिव्हरपूल विजेतेपदाच्या शर्यतीत असताना गुडिसनवर त्याला २-० ने हरवले. 'विजेतेपद तुम्ही आमच्या दारात हरलात' असे गाणे त्या रात्री अख्खे मैदान म्हणत होते. दुसऱ्या वर्षी, १२ फेब्रुवारी २०२५ ला, गुडिसनवर या दोघांचा शेवटचा सामना झाला, कारण एव्हर्टन नदीकाठच्या जुन्या गोदीच्या जागेवर बांधलेल्या नव्या मैदानात जाणार होता. ९० मिनिटे संपून आठवे जादा मिनिट चालू असताना एव्हर्टनने गोल करून २-२ अशी बरोबरी केली. त्या मैदानावर हे दोघे १२० वेळा भेटले, दोघांचे विजय ४१-४१ आणि ३८ बरोबऱ्या. घरवाटणी करायला बसलेल्या पंचांनीही इतका चोख हिशेब केला नसता.

हे सगळे चालते कारण लाल आणि निळे परके नाहीत. लिव्हरपूलमध्ये निळ्यांची वस्ती वेगळी आणि लालांची वेगळी असा प्रकार नाही. एकाच घरात थोरला लाल आणि धाकटा निळा, गोदीत एकाच पाळीला जाणारे दोघे जोडीदार, रविवारी एकाच टेबलावर जेवणारे सासरा-जावई. १९८४ मध्ये लंडनच्या वेम्ब्ली मैदानावर दोघांचा अंतिम सामना झाला तेव्हा पाठीराखे एकमेकांत मिसळून बसले होते. गोदीतले काम आटले होते, घरोघर बेकारी होती, आणि गोल एकही न होता संपलेल्या त्या सामन्यात दोन्ही रंगांनी आपल्या मुलखाच्या नावाचा, 'मर्सीसाइड'चा, एकत्र घोष केला.

मग ही थट्टा कायम गोडच राहिली का? नाही. हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १९८५ साली ब्रुसेल्सच्या हायझेल मैदानावर लिव्हरपूलच्या पाठीराख्यांनी केलेल्या हल्ल्यात भिंत कोसळून ३९ माणसे मेली, बहुतेक इटालियन. सगळ्या इंग्लिश क्लबांना युरोपातून पाच वर्षे बाहेर काढले गेले. त्या वर्षी इंग्लंडचा विजेता होता एव्हर्टन. त्यांच्या इतिहासातला बहुधा सर्वांत चांगला संघ, आणि दुसऱ्याच्या अपराधापायी त्याला युरोपचा मोठा चषक खेळताच आला नाही. ही सल निळ्यांच्या मनात आजही आहे. थट्टेत ती वर आली की थट्टा थट्टा राहत नाही.

आणि दुसरी गोष्ट कातडीच्या रंगाची. जमैकात जन्मलेले जॉन बार्न्स १९८७ मध्ये लिव्हरपूलकडे आले. देखणा खेळ, डाव्या पायात जादू. एव्हर्टनविरुद्धच्या सामन्यांत निळ्यांच्या गर्दीतून त्यांच्या रंगावरून घोषणा झाल्या. आमचा संघ गोऱ्यांचा आहे, असे अभिमानाने ओरडले गेले. फेब्रुवारी १९८८ मध्ये गुडिसनवर त्यांच्या पायाशी केळे येऊन पडले. बार्न्स यांनी ते टाचेने सहज मागे ढकलले. त्या क्षणाचे छायाचित्र जगभर गाजले. आपला कल निळ्यांकडे झुकत होता ना, तो इथे थबकतो. पण लालांनीही फार हसू नये, कारण त्यांच्या घरातली गोष्ट त्याहून जुनी आहे, आणि ती नेमकी राखीव संघातली आहे.

राखीव संघ म्हणजे काय ते आधी पाहू. पूर्वी मुख्य संघात शिरणे महाकठीण होते. सामन्यात खेळाडू बदलण्याची मुभाच मुळी १९६५ मध्ये मिळाली, तीही एकच, आणि सुरुवातीला फक्त जायबंदी झाल्यास. १९६५-६६ चे विजेतेपद शँक्लींच्या संघाने ४२ सामने खेळून मिळवले, त्यात सबंध वर्षात फक्त १४ खेळाडू वापरले! बाकीचे कुठे होते? राखीव संघात. त्यांची वेगळी स्पर्धा असे, तिला सेंट्रल लीग म्हणत. १९७० च्या दशकात लिव्हरपूलच्या राखीव संघाने ती पुन्हा पुन्हा जिंकली, म्हणजे शँक्लींचा टोमणा अगदीच पोकळ नव्हता. गोलरक्षक रे क्लेमन्स १९६७ मध्ये क्लबात आले, आणि लीगच्या सामन्यात उभे राहायला त्यांना १९७० उजाडावे लागले. अडीच वर्षे राखीव. पुढे त्यांनी युरोपचा चषक तीनदा जिंकला. तेव्हा राखीव म्हणजे कमअस्सल नव्हे. पात्रता अंगात आहे, जागा रिकामी नाही, एवढाच त्याचा अर्थ.

पण काहींच्या बाबतीत जागा रिकामी नसण्याचे कारण दुसरेच असू शकते. हॉवर्ड गेल यांचा जन्म १९५८ चा, टॉक्स्टेथ भागातला. लिव्हरपूल बंदर एकेकाळी गुलामांच्या व्यापारावर गब्बर झाले. तिथली काळ्या लोकांची वस्ती ब्रिटनमधल्या सर्वांत जुन्या वस्त्यांपैकी, आणि टॉक्स्टेथ हे तिचे मोठे ठिकाण. एवढी जुनी वस्ती मैदानापासून काही मैलांवर असूनही १८९२ पासून १९८० पर्यंत एकही काळा खेळाडू लिव्हरपूलच्या मुख्य संघातून खेळला नव्हता. गेल हे पहिले. १९७७ मध्ये क्लबात आले आणि वर्षानुवर्षे राखीव संघात खेळत राहिले. सरावाच्या वेळी, कपडे बदलण्याच्या खोलीत, त्यांच्या रंगावरून विनोद चालत. विनोदच तो, मनाला लावून घेऊ नये, अशी तिथली रीत. गेल यांनी ती रीत मानली नाही. ते उलट बोलत, वेळ पडली तर अंगावर जात. मग त्यांनाच तापट ठरवण्यात आले. वाचकहो, हा अनुभव वाचून तुमच्यापैकी किती जणांना आपली पहिली नोकरी आठवली असेल!

लालाने निळ्याला डिवचले तर निळा उलट डिवचतो, कारण दोघेही एकाच पायरीवर उभे असतात. सतरावा नंबर पुढच्या वर्षी बदलतो, दुसऱ्या डिव्हिजनमधून वर येता येते. कातडी बदलता येत नाही, आणि ती का बदलावी? ज्या विनोदाला विनोदाने उत्तर देण्याची सोयच ठेवलेली नाही, त्याला थट्टा हे नाव देणारा माणूस एक तर भोळा असतो किंवा लबाड. मला तरी भोळे फार भेटले नाहीत.

२२ एप्रिल १९८१. युरोपच्या चषकाचा उपांत्य सामना, म्युनिकमध्ये बायर्नविरुद्ध. पहिला सामना अ‍ॅनफिल्डवर गोल न होता सुटला होता. नवव्या मिनिटाला लिव्हरपूलचा हुकमी खेळाडू केनी डल्ग्लिश जायबंदी होऊन बाहेर गेला, आणि त्याच्या जागी राखीव संघातल्या गेल यांना उतरवले. जर्मन बचावपटूंना हा कोण ते ठाऊकच नव्हते. गेल यांच्या वेगापुढे त्यांची धांदल उडाली. ते त्यांना पुन्हा पुन्हा पाडू लागले. शेवटी गेल यांनीही एकाला पाडले आणि पंचांनी ताकीद दिली. आता हा डोके फिरवून घेईल आणि मैदानाबाहेर काढला जाईल, या भीतीने सत्तराव्या मिनिटाला त्यांना परत बोलावले. बदली आलेल्याचीच बदली! सामना १-१ सुटला, परक्या मैदानावरच्या गोलाच्या जोरावर लिव्हरपूल अंतिम फेरीत गेला, आणि पॅरिसला रेआल माद्रिदला हरवून त्याने चषकही जिंकला. त्या अंतिम सामन्यात गेल खेळले नाहीत. लिव्हरपूलच्या मुख्य संघातून त्यांना एकंदर पाचच सामने मिळाले. त्यांच्या आत्मकथनाच्या नावात म्युनिकमधली ती ६१ मिनिटे आहेत. २०१६ मध्ये ब्रिटिश सरकारने देऊ केलेला साम्राज्याच्या नावाचा किताब त्यांनी नाकारला. ज्या साम्राज्याने आपल्या पूर्वजांना गुलाम केले त्याचे बिरुद आपण छातीवर कसे लावावे, असा त्यांचा सवाल होता.

शहराने चांगले वागूनही दाखवले आहे, तेही लिहायला हवे. १५ एप्रिल १९८९ ला शेफिल्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलचे पाठीराखे मेले. मृतांची संख्या आज ९७ मोजली जाते. पुढच्याच आठवड्यात लोकांनी लाल आणि निळे स्कार्फ एकाला एक बांधून स्टॅन्ली पार्कमधून एका मैदानापासून दुसऱ्या मैदानापर्यंत माळ नेली. दोष पाठीराख्यांचा नव्हता, हे चौकशीत ठरायला २०१६ उजाडले. त्या २७ वर्षांत निळे आपल्या शेजाऱ्यांसोबत उभे राहिले.

असो. आता शँक्लींच्या टोमण्याचे पुढे काय झाले ते सांगतो. डिसेंबर २०१९ मध्ये लिव्हरपूलचा मुख्य संघ कतारला गेला असताना दुसऱ्याच स्पर्धेत अ‍ॅस्टन व्हिलाशी सामना आला. लिव्हरपूलने पोरांचा संघ पाठवला आणि तो ०-५ ने हरला. निळ्यांना हसायला निमित्त मिळाले. 'हाच का तुमचा शहरातला दोन नंबरचा संघ?' एकोणीस दिवसांनी, ५ जानेवारी २०२० ला, एफए कपच्या सामन्यासाठी एव्हर्टन अ‍ॅनफिल्डवर आला. तिथे त्यांना १९९९ नंतर विजय मिळाला नव्हता, तेव्हा ही संधी होती. त्यांनी आपला भरभक्कम मुख्य संघ उतरवला. लिव्हरपूलचे व्यवस्थापक युर्गन क्लॉप यांनी आधीच्या सामन्यातले नऊ खेळाडू बाजूला बसवले. बरीच पोरे मैदानात. एव्हर्टनला सुरुवातीला संधी मिळाल्या, त्या त्यांनी दवडल्या. मग ७१ व्या मिनिटाला अठरा वर्षांच्या एका पोराने दूरवरून चेंडू असा वळवून मारला की तो गोलरक्षकाच्या हातावरून जाऊन आडव्या खांबाला खालून लागून आत पडला. १-०. शँक्लींनी गमतीने म्हटलेले त्या दिवशी अक्षरशः खरे झाले.

त्या पोराचे नाव कर्टिस जोन्स. काळ्या वंशाचा, टॉक्स्टेथचाच. वयाच्या नवव्या वर्षी क्लबात आलेला.

निळ्यांनी यावरही उत्तर काढलेच. 'पोरांनी आमच्याशी जिंकायचे म्हणून जिंकले, पुढच्या वेळी बघू.' पुढची वेळ लगेच आली. ४ फेब्रुवारी २०२० ला त्याच स्पर्धेत श्रूजबरीशी पुन्हा सामना होता, आणि मुख्य संघ सुटीवर. क्लॉपसुद्धा आले नाहीत. क्लबच्या इतिहासातला सर्वांत लहान वयाचा संघ उतरला, सरासरी १९ वर्षे १०२ दिवस. पोरांचा खेळ पाहायला अ‍ॅनफिल्डवर पन्नास हजारांवर लोक जमले होते. श्रूजबरीच्या खेळाडूकडूनच चुकून स्वतःच्या जाळ्यात चेंडू गेला आणि लिव्हरपूल १-० ने जिंकला. कर्णधाराची पट्टी कर्टिस जोन्सच्या दंडावर होती. वय १९ वर्षे ५ दिवस, लिव्हरपूलचा आजवरचा सर्वांत लहान कर्णधार.